मोड आणि मूळ

साल एकोणीसशे सहासष्ट. चातुर्मास नुकताच सुरू झाला होता. कृष्णाकाठच्या एका गावात, मगदुमांच्या माजघरात, दिवस मावळायच्या आत आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. ताटात भाकरी, मटकीची उसळ आणि शेंगदाण्याची चटणी. आज्जींनी उसळीचा पहिला घास तोंडात घातला आणि त्यांच्या समोर बसलेली त्यांची नात त्रिशला म्हणाली,

"आज्जी, तू आत्ता मूळ खाल्लंस."

आज्जींचं तोंड चावता चावता थांबलं.

"काय खाल्लं?"

"मूळ. मटकीचं. आम्हाला दिघेबाईंनी आजच शिकवलंय."

दिघेबाई म्हणजे मी. मी त्याच पंगतीत, त्रिशलाच्या शेजारीच बसले होते, आणि माझ्या हातातला घास ताट आणि तोंड यांच्या मध्येच कुठेतरी राहिला होता.

गावाचं नाव मी सांगत नाही. मगदुमांची नातवंडं-पतवंडं अजून तिथे नांदतात, आणि वाद घालण्यात ती सगळी त्रिशलावर गेली आहेत.

मी मूळची पेणची. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि या गावच्या हायस्कुलात मला नोकरी लागली. घरी हलकल्लोळ झाला. बाबांनी माझ्यासाठी ठाण्याचा एक मुलगा बघून ठेवला होता. नोकरी चांगली, घर स्वतःचं, डोक्यावर केस जरा कमी पण स्वभाव शांत. मला तो पसंत नव्हता. का पसंत नव्हता हे मला सांगता येत नव्हतं, म्हणून मी नोकरी पुढे केली होती. शेवटी बाबा म्हणाले, "एखाद्या चांगल्या घरात खोली मिळाली तर राहा. नाही मिळाली तर मुकाट्यानं परत ये. ठाण्याची मंडळी थांबायला तयार आहेत."

गावात एकट्या मुलीला खोली द्यायला एकच घर तयार झालं, मगदुमांचं. घर जैन शेतकऱ्याचं. परड्याच्या, म्हणजे मागच्या अंगणाच्या, बाजूची खोली, आणि जेवण घरच्यांबरोबर. अट एवढीच की कांदा, लसूण, बटाटा, मुळा, रताळं, जमिनीखालचं कुठलंही कंदमूळ या घरात येणार नाही. मी कायस्थाची मुलगी, मासळीवर वाढलेली. पण ठाण्याच्या मुलाच्या मानाने मला बटाटा सोडणं फारच सोपं वाटलं. मी लगेच हो म्हटलं.

घरात माणसं चारच. आज्जी घरच्या कर्त्या. त्यांचा मुलगा भूपाल, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. एकेकाळचे पैलवान. कान कुस्तीत चुरगळलेले, आवाज असा की परड्यातून हाक मारली तर नदीवरची म्हैस मागे बघायची. त्यांची बायको, म्हणजे वहिनी, फार कमी बोलणाऱ्या. आणि त्रिशला, माझ्याच वर्गातली, आठवीतली.

आप्पांचा जीव मटकीच्या उसळीत होता. तालमीपासूनची सवय. "आमच्या बापापासनं या घरात उसळीबिगर भाकरी मोडली न्हाई," असं ते अभिमानानं सांगायचे. त्यामुळे घरात कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात ओल्या फडक्यात बांधलेली मटकी कायम असायचीच. आज्जी आणि वहिनी ती निवडायच्या, भिजवायच्या, बांधायच्या. आज्जी स्वतःच्या ताटात मात्र उसळ चमचाभरच घ्यायच्या. केवढा हा संयम, असं मला वाटायचं.

तर त्या संध्याकाळी आज्जींनी घास गिळला नाही. उठून परड्यात गेल्या, चूळ भरली, परत येऊन पाटावर बसल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, पोरगी म्हणती ते खरं हाय?"

"आज्जी, त्याचं असं आहे..." मी घास ताटात ठेवला. "बी रुजलं की आधी जे बाहेर येतं, त्याला पुस्तकात आदिमूळ म्हणतात. अगदी मूळ असं नाही. आदिमूळ."

"आदि म्हंजे?"

"म्हणजे... पहिलं."

"म्हंजे मुळातलं बी मूळ की वो."

त्रिशला आनंदाने म्हणाली, "मी तेच म्हटलं."

"तू गप गं!" आप्पा गरजले. "आई, मोड म्हंजे मोड. मूळ न्हवं. मुळा येगळा, मोड येगळा. मोड जमिनीत असतोय व्हय? फडक्यात असतोय!"

"फडक्यात ठेवला म्हणून फडक्यात आला," आज्जी म्हणाल्या. "मातीत टाकला तर कुठं जाईल?"

मला उत्तर ठाऊक होतं, म्हणून मी शहाण्यासारखी चटणी वाढून घेतली.

"लग्न होऊन आलो तवापास्नं कंदमुळाचा नेम हाय माझा," आज्जी म्हणाल्या. तिकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. "सासू गेली, धनी गेलं, नेम मोडला न्हाई. आन रोज ताटात मूळच व्हतं व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आज्जी बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, गेल्या आणि तिथल्या उपाध्यांना विचारून आल्या. उपाध्ये म्हणाले, बघून सांगतो. त्यानंतर पुष्कळ दिवस ते मगदुमांच्या गल्लीतून न येता नदीकडच्या वाटेने बस्तीत जाताना दिसायचे.

त्याच दिवशी आप्पांनी मला सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, बोलावलं. खरं तर बोलावलं नाही, नुसते खाकरले. खांबाला टेकून बसले होते.

"बाई, तुमचं शास्तर तुमच्या शाळंत ठेवायचं."

"आप्पा, मी शाळेतच सांगितलं होतं. ते त्रिशलानं घरी आणलं."

"आईला सांगा, पोरीनं चुकीचं ऐकलं."

"पण तिनं बरोबर ऐकलंय."

आप्पांनी मोठा उसासा टाकला. भलता मोठा माणूस, उसासाही तसाच. "बाई, मी साधा मानूस. एकदाच सांगतो. ह्या घरात उसळ तरी ऱ्हाईल, न्हाईतर बाई तरी."

आज्जी माजघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. आणि तशाच आत वळल्या. मला वाटलं, झालं, माझं गाठोडं बांधायची वेळ आली. आणि गंमत बघा, त्याच रविवारी बाबा माझं बिऱ्हाड बघायला येणार होते.

आज्जींनी मग स्वतःच न्यायनिवाडा हातात घेतला. "मी कुणाच्या सांगण्यावर जात न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांनी बघतो. बाई, शाळंत पोरास्नी कसं दावलं, तसं मला दावा."

मी शाळेतून काचेचा पेला आणला. त्यात टीपकागद गोल बसवला, काच आणि कागद यांच्या मध्ये मटकीचे चारदोन दाणे खोचले, तळाशी पाणी घातलं. आज्जींनी तो पेला सोप्यातल्या कोनाड्यात ठेवला आणि घरात जाहीर केलं.

"वर गेला तर कोंब. खाली गेलं तर मूळ. तवर उसळ बंद. आन मधी कुणी बोलायचं न्हाई."

"तवर खायचं काय?" आप्पांनी विचारलं.

"दोडका."

चातुर्मासात त्या घरात पालेभाजी वर्ज्य. उरला दोडका. परड्यातल्या मांडवावर तो त्या वर्षी असा लागला होता की पानं कमी आणि दोडके जास्त. सकाळी दोडका, संध्याकाळी दोडका. आज्जी दोडक्याच्या शिरांची चटणी करायच्या, तीही वाया जायला नको म्हणून. आप्पा ताटाकडे बघत बसायचे आणि भाकरी नुसत्या चटणीशी खायचे. आज्जी मात्र दोडका पुन्हा वाढून घ्यायच्या. नेमासाठी बाई काय काय गोड मानून घेते, असं माझ्या मनात यायचं.

येता-जाता जो तो पेल्यात डोकावायचा. वहिनीसुद्धा भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं येऊन बघून जायच्या. दाणे फुगले, सालं फुटली, आणि पांढरी टोकं बाहेर आली. शनिवारी सकाळी ती टोकं सरळ खाली पाण्याकडे निघालेली होती.

"हं," आज्जी म्हणाल्या, आणि बस्तीत गेल्या.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी मी घरी आले तेव्हा सगळीकडे सामसूम होती. आज्जी माजघरात लवंडलेल्या. आणि सोप्यात आप्पा, तेवढा मोठा पैलवान, कोनाड्यापुढे उकिडवे बसून पेल्यात वहिनींचा केसांचा आकडा घालून काहीतरी उचकत होते.

"आप्पा, काय करताय?"

ते दचकले. "माशी बसलीया."

"आत?"

त्यांनी एकदा माजघराकडे पाहिलं आणि आवाज होईल तेवढा खाली आणला. म्हणजे फक्त शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही इतका.

"बाई, खरं सांगा. तुम्हाला उसळ आवडत न्हाई?"

"फार आवडते. आमच्याकडे वालाचं बिरडं करतात. मोड आलेले वाल सोलून."

"मग? मग आपन एकाच तालमीतलं की!" त्यांचा चेहरा उजळला. "हे बगा. दाना फिरवला. आता टोक वर हाय. आईला म्हणायचं, कोंब हाय, वर चाललाय. तुम्ही बोलायचंबी न्हाई काय. फकस्त गप बसा. खोली तुमची, उसळ माझी."

मी पेल्यात पाहिलं. सगळी टोकं वर.

"आप्पा, ते परत खाली वळेल."

"कशानं?"

"मूळ खालीच जातं. त्याला कळतं खाली कुठे आहे ते."

"त्याला डोळं न्हाईत, कान न्हाईत, त्याला काय कळतंय!" त्यांनी मटकीच्या त्या एवढ्याशा दाण्याकडे आखाड्यातल्या गड्याकडे बघावं तसं बघितलं. "बगतोच मी."

मी गप्प बसले. खोली माझी.

संध्याकाळी आज्जी पेल्यापुढे आल्या. आप्पा मागेच होते. "आई, बघ! वर निगालाय. कोंब!"

आज्जींनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. "सकाळी खाली व्हता."

"सकाळी इचार करत असंल," आप्पा म्हणाले.

"वर दिसतंय खरं," वहिनी हळूच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मला निराशा का वाटली, ते तेव्हा कळलं नाही.

"त्याचं टोक बघ, आज्जी, जरा वाकायला लागलंय," त्रिशला म्हणाली, आणि आप्पांनी तिला म्हैस बांधायला पाठवून दिलं.

रविवारी उजाडेपर्यंत टोकं पुन्हा खाली. आप्पांनी दात घासायच्या आधी दाणे फिरवले. आज्जी बस्तीतून येईतो टोकं पुन्हा वाकायला लागलेली. आप्पांनी पुन्हा फिरवले. त्या बिचाऱ्या मुळांची अशी अवस्था झाली की एक चकलीच्या पहिल्या वेढ्यासारखं दिसत होतं, आणि दुसरं आप्पांच्या कानासारखं.

आणि एवढ्यात बाबा आले.

बाबा पेणच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून. हातात छत्री, खांद्याला पिशवी, सगळ्या एस.टी.ला आपली ओळख करून देऊन आलेले. सोप्यात पाऊल ठेवताच म्हणाले, "वा! घर म्हणजे घर आहे हो!" मला जरा धीर आला. आज्जींना त्यांनी वाकून नमस्कार केला. आज्जींनी घोंगडं अंथरायला लावलं, गाळलेलं पाणी दिलं, प्रवासाचं विचारलं. मी खांबामागे उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते की पेला बघू नका, पेला बघू नका.

त्यांनी पेला बघितला नाही. त्यांनी पिशवी उघडली.

"आज्जी, लेकीला तुम्ही घरच्यासारखं सांभाळलंत. रिकाम्या हातानं कसा येणार? हे आमच्याकडचे पोह्याचे पापड. आणि ही..." त्यांनी पितळी डबा अगदी देवापुढे नैवेद्य ठेवावा तसा आज्जींपुढे ठेवला, "ही आमच्या घरची खासियत."

झाकण उघडलं. ओल्या फडक्यात वाल. सोललेले, टपोरे, आणि प्रवासात ऊब लागून एकेकाला बोटभर लांब पांढरे मोड आलेले.

आज्जींनी डब्याकडे बघितलं, मग कोनाड्याकडे.

"मुद्दाम मोड काढून आणलेत," बाबा म्हणाले. "हिच्या आईनं एकेक सोललाय. वाटेत अजून लांब झाले बघा!"

"ही पण मुळंच," त्रिशला म्हणाली.

"काय म्हणालीस बाळ?"

"मोड म्हणजे मूळ. दिघेबाईंनी शिकवलंय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "प्रमिला? तू हे शिकवतेस?" बाबांना मी परधर्म स्वीकारला असता तरी एवढा धक्का बसला नसता. "मूळ? अहो, आमच्या सात पिढ्या बिरडं खात आल्या! मोड म्हणजे मोड! मूळ कुठलं?"

आप्पा उठले. दोन ढांगांत बाबांजवळ आले आणि त्यांनी बाबांचे दोन्ही हात हातात घेतले. बाबांची छत्री खाली पडली.

"पावनं!" आप्पा म्हणाले. "किती दिसांनी शहाणा मानूस भेटला!"

झालं. माझी खोली ज्यांच्या हातात ते आप्पा, आणि माझं परत जाणं ज्यांच्या हातात ते बाबा, दोघे शेजारी शेजारी बसले, एका पक्षाचे झाले. आज्जी समोर. वहिनी दारात. कोनाड्यात तो पेला.

"बाई," आज्जी म्हणाल्या, "हिकडं या. तुमचं वडील म्हणतात मूळ न्हाई. भूपाल म्हणतो मूळ न्हाई. पेल्यातलं कधी खाली जातंय, कधी वर. मी म्हातारी काय समजू? तुम्ही शिकलेल्या. एकदा सांगा आन इषय मिटवा."

आप्पांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. खोली तुमची. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत ठाणे स्टेशन दिसत होतं.

मी त्या वेळी काही मोठा विचार केला असं नाही. मी त्रिशलाकडे पाहिलं एवढंच. ती हाताची घडी घालून, वर्गात बसते तशी, माझ्याकडे बघत होती.

मी बाबांच्या डब्यातला एक वाल उचलला. नखानं त्याच्या दोन डाळी अलग केल्या आणि आज्जींच्या तळहातावर ठेवल्या.

"चष्मा लावा, आज्जी. या दोन डाळींच्या मध्ये, इथे टोकाला, इवलीशी पानं मिटलेली दिसतात का?"

आज्जींनी हात डोळ्यांजवळ नेला. वहिनी पुढे आल्या. बाबासुद्धा वाकले.

"हाय की! घडी घातल्यासारखी."

"तो कोंब. तो अजून आतच आहे. तो वर जाणार. आणि हे बाहेर आलंय, लांब, पांढरं, हे खाली जाणार. हे मूळ. बी आधी पाय टेकतं, मग डोकं वर काढतं."

"आन पेल्यातलं वर कसं गेलं?"

मी आप्पांकडे पाहिलं नाही. "ते गेलं नाही. त्याला उलटं केलं. कितीदाही केलं तरी ते खालीच वळतं. म्हणून तर त्याची अशी दशा झालीय."

आज्जी सावकाश उठल्या. कोनाड्यापाशी गेल्या, पेल्यातल्या त्या वाकड्यातिकड्या जीवांकडे बघितलं. "भूपाल, ह्यांची मान कुणी पिरगाळली?"

"माशी..." आप्पांनी सुरुवात केली.

"आप्पांच्या खिशात आईचा आकडा आहे," त्रिशला म्हणाली.

"तरीच!" वहिनी म्हणाल्या. "मी सगळं घर धुंडाळलं!" त्या घरात एवढं मोठ्यानं बोललेलं त्यांचं मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

बाबा उठले. छत्री उचलली. "प्रमिला, सामान बांध. लोकांच्या घरी राहून लोकांच्या जेवणात खोडा घालायचा म्हणजे काय? आज्जी, माफ करा. मी हिला घेऊन जातो. तसंही ठाण्याला..."

"कुठं नेताय?" आज्जी म्हणाल्या.

"घरी."

"बसा खाली."

बाबा बसले. मामलेदारापुढेही ते इतक्या लवकर बसत नसत.

आज्जी पुन्हा घोंगड्यावर येऊन बसल्या. "भूपाल, तू काय म्हणालास बाईंना? उसळ तरी ऱ्हाईल न्हाईतर बाई तरी, असंच न्हवं?"

"आई, ते रागानं..."

"बरोबर बोललास. दोन्ही ऱ्हायाचं न्हाई." आज्जींनी वालाच्या त्या डाळी परत डब्यात ठेवल्या आणि झाकण लावलं. "बाई ऱ्हाईल. उसळ न्हाई."

"कवापत्तोर?" आप्पांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"माझा नेम हाय तवर. म्हंजे मी हाय तवर. माझ्या चुलीवर मोड यायचा न्हाई. सूनबाई, ते मटकीचं फडकं धुऊन टाक."

"व्हय आत्याबाई," वहिनी म्हणाल्या आणि जवळजवळ पळतच आत गेल्या.

"आन तुम्ही," आज्जी बाबांकडे वळल्या, "लेकीला ठेवून जावा. हिकडं बाप आन पैलवान एक झालं तरी जी खोटं बोलली न्हाई, तिला मी ऱ्हायला जागा देणार न्हाई तर कुनाला देणार?"

बाबांनी छत्री पुन्हा खाली ठेवली. मी नजर खाली घातली. मला वाटलं, खरेपणाला फळ मिळतं ते असं. पुढे कितीतरी वर्षं मी वर्गात मुलींना ही हकीकत त्याच तात्पर्यासह सांगत असे.

वालांचं काय झालं म्हणाल, तर बाबा आणि आप्पा डबा घेऊन परड्याच्या पलीकडे, म्हशीच्या गोठ्यामागे गेले. तिथे तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या आणि बाबांनी कांद्या-लसणीशिवाय बिरडं केलं. धुरानं दोघांचे डोळे लाल. आप्पांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "पावनं," ते म्हणाले, "कुठं व्हता इतकी वर्सं?" बाबा संध्याकाळच्या गाडीने एकटेच परत गेले. आप्पा त्यांना सोडायला नाक्यापर्यंत चालत गेले होते.

आता सगळ्यांचं पुढे काय झालं ते सांगते.

ठाण्याच्या मुलानं त्याच वर्षी दादरची मुलगी केली. सुखात राहिला म्हणे. बाबा पुढे दर वर्षी मला भेटायला म्हणून यायचे, पण डबा थेट आप्पांच्या शेतावर जायचा. आप्पांनी तिथल्या खोपटात स्वतःची चूल घातली होती. त्यांनी म्हातारपणापर्यंत घरात दोडका आणि शेतात उसळ खाल्ली आणि दोन्हीकडे ढेकर दिली. वहिनी हळूहळू बोलायला लागल्या, आणि एकदा लागल्या त्या थांबल्याच नाहीत. त्रिशला वकील झाली. तिच्यासमोर साक्षीदार पाणी मागतात, असं ऐकते. मी त्या खोलीत नऊ वर्षं राहिले. मग लग्न केलं, माझ्या वेळेला आणि मला आवडलेल्या माणसाशी. तो शाळेतलाच, गणिताचा, आणि त्याला डोक्यावर केस त्या ठाणेकरापेक्षाही कमी होते.

राहिल्या आज्जी. त्या नव्वदीच्या घरात पोचल्या. शेवटी शेवटी अंथरुणाला लागल्या होत्या, तेव्हा मी भेटायला गेले. सोप्यातच त्यांची खाट होती, त्याच कोनाड्याखाली. दृष्टी गेली होती, पण आवाजावरून ओळखलं.

"पोरी, जेवलीस?"

"जेवले, आज्जी. दोडका."

त्या हसल्या. तोंडात एकही दात नव्हता. मग माझा हात जवळ ओढून म्हणाल्या, "तुला एक सांगतो. भूपालला सांगू नकोस. मला मेली ती मटकी कधी गोड लागलीच न्हाई."

मी बघतच राहिले. "म्हणजे?"

"नेम खरा व्हता. देवाशपथ खरा. पर नावड बी खरीच की. घासाघासाला नरड्यात अडकायची. धन्याला रोज पायजे, पोराला रोज पायजे. निवडा, भिजवा, बांधा, आन वर खावा. ज्या दिवशी पोरगी म्हणाली न्हवं, आज्जी मूळ खाल्लंस, मला वाटलं बस्तीतली घंटाच वाजली."

"आणि मला ठेवून घेतलंत ते? मी खोटं बोलले नाही म्हणून?"

"ते तुझ्या बाला सांगायला." त्या खुसखुसल्या. "तू जर मूळ न्हाई म्हणाली असतीस, तर तुझी खोली त्याच दिवशी गेली असती बघ."

"पण आज्जी, इतकी वर्षं... आधीच सांगायचं होतंत की, उसळ आवडत नाही म्हणून!"

आज्जींनी माझा हात थोपटला, अगदी वर्गातल्या ढ मुलीला थोपटावा तसा.

"तुझ्या बानं तवा इचारलं असतं, त्यो ठाण्याचा पोरगा का नको, तर काय सांगितलं असतीस?"

"आवडला नाही."

"ऐकलं असतं त्यानं?"

बाहेर परड्यात वहिनी कुणाला तरी मोठमोठ्यानं काहीतरी सांगत होत्या.

"बघ," आज्जी म्हणाल्या, आणि कूस बदलून निवांत झोपल्या.